तुमचे प्रश्न : बायबल मध्येच कोणी बदललं का?

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी वेदीवर सेवा करायचा, आता मिस्साला चल म्हटलं की मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो. त्यात म्हणे कॉन्स्टंटाईन राजाने निकायाच्या सभेत मतदान घेऊन बायबल ठरवलं, आणि नंतर कॉपी करता करता ते इतकं बदललं की मूळ काय होतं ते कोणालाच माहीत नाही. घरात कोणालाच उत्तर देता येत नाही. काय सांगू त्याला?
– एक आई, मालाड

उत्तर : ताई, हे दोन वेगळे दावे आहेत आणि व्हिडिओवाल्यांनी ते एकत्र कालवलेत. पहिला साफ चुकीचा आहे. दुसऱ्यात थोडं तथ्य आहे, त्यामुळे त्यावर जरा बसून बोलावं लागेल.

निकायाची सभा म्हणजे बिशपांची परिषद, इ.स. ३२५ ची. ती भरली आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून, म्हणजे ख्रिस्त पित्यासारखाच देव की निर्माण केलेला, या भांडणावर, शिवाय ईस्टर कधी पाळायचा वगैरे. सभेने केलेले २० नियम आजही वाचायला मिळतात, त्यात कुठली पुस्तकं ठेवायची न् कुठली काढायची यावर एकही नियम नाही. आपण वाचतो तीच नव्या कराराची २७ पुस्तकं, एक कमी नाही एक जास्त नाही, अशी यादी पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या इ.स. ३६७ च्या ईस्टरच्या पत्रात. आणि तीही काय त्यांनी रात्रीत बसून बनवली नाही, इ.स. १८० च्या सुमारास लियोंचे बिशप इरेनियस ठासून लिहितात की शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची पुस्तकं, चारच, म्हणजे कॉन्स्टंटाईनचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. हां, इब्री लोकांस पत्र, २ पेत्र, प्रकटीकरण यांच्यावर वाद बराच काळ चालला, ते लपवायचं काही कारण नाही.

आता कॉपीचं. छापखाना नव्हता, सगळं हाताने, त्यामुळे फरक पडले आणि भरपूर पडले. नव्या कराराची नुसती ग्रीक हस्तलिखितं ५,००० च्या वर आहेत, आणि त्यांच्यातले पाठभेद अंदाजे ४ लाख धरतात. आकडा ऐकून माणूस घाबरतो, पण त्यातले बहुतेक स्पेलिंगचे, शब्द मागेपुढे झाल्याचे, ‘येशू’च्या जागी ‘प्रभू येशू’ असले. प्रती इतक्या असल्यामुळेच तर फरक इतके दिसतात, एकच प्रत असती तर एकही फरक सापडला नसता आणि चूक पकडायचा मार्गही राहिला नसता.

मुलाला मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स लायब्ररीतल्या एका कपट्याचा फोटो नेटवर दाखवा. इजिप्तमधून १९२० मध्ये विकत घेतलेला, १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेला, जेमतेम ९ बाय ६ सेंटिमीटर, तळहातात मावेल एवढा. पपायरसच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय, प्रत्येक बाजूला ७ ओळी, त्याही अर्धवट. मजकूर योहानाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातला, रोमन सुभेदार पिलात येशूची चौकशी करतो तो. अक्षराच्या वळणावरून बरेच जण तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात, काही जण इ.स. २०० पर्यंत खाली खेचतात. काही धरलं तरी निकायाच्या शंभरेक वर्षं आधीचा तो आहेच, आणि जी अक्षरं शिल्लक आहेत ती आज गुड फ्रायडेला आपण वाचतो त्याच मजकुराची आहेत.

आणि तथ्य कुठे आहे तेही सांगा, नाहीतर तो दुसऱ्या व्हिडिओतून शोधेलच. मार्कच्या शेवटच्या १२ ओव्या (१६:९–२०) चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट, ‘पहिला दगड कोणी मारायचा’ ती, योहानाच्या सगळ्यात जुन्या प्रतींत नाही. ही काही कोणी उघडकीस आणलेली भानगड नाही, बऱ्याच छापील बायबलांत तिथेच कंस किंवा तळटीप असते, आपण वाचत नाही ही गोष्ट वेगळी. आपल्या मराठी माणसाला हे नवं वाटायला नको खरं तर, एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो प्रतींत अपपाठ घुसले होते म्हणूनच, म्हणून ज्ञानदेवांनी काय लिहिलं ते हरवलं असं कोणी म्हणत नाही.

जाता जाता एक. आपल्या फॅमिली ग्रुपवर ‘नोहाचं तारू सापडलं’, ‘तांबड्या समुद्रात फारोच्या रथाची चाकं मिळाली’ असले फॉरवर्ड फिरतात ना, ते बंद करा बाबा. आपला मुलगा ते गुगल करतो, खोटं निघतं, आणि मग खरं सांगितलं तरी त्याला तसलंच वाटतं.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, इतिहास शिकवून निवृत्त झालो. लूक म्हणतो येशूचा जन्म क्विरीनिय सुभेदार असतानाच्या शिरगणतीत झाला, मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या काळात. दोन्ही जुळत नाही. मग याला इतिहास कसं म्हणायचं, आणि श्रद्धावानाला याचा त्रास होत नाही का?
– एक वाचक, दादर

उत्तर : सर, बरोबर पकडलंत. हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला, आणि योसेफस या यहुदी इतिहासकाराप्रमाणे क्विरीनियची शिरगणती इ.स. ६ ची. मध्ये दहाएक वर्षांचं अंतर. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार होता वगैरे खुलासे आहेत, मला ते ओढूनताणून केलेले वाटतात. लूकची इथे गल्लत झाली असं म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

पण हाच लूक दुसरीकडे बघा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या त्याच्याच दुसऱ्या पुस्तकात तो थेस्सलनीकाच्या अधिकाऱ्यांना ‘पोलितार्ख’ म्हणतो, ही पदवी मासेदोनियाच्या शिलालेखांत तशीच सापडते. करिंथात प्रेषित पौलाला रोमन सुभेदार गल्लियोपुढे उभं केलं असं तो लिहितो, आणि डेल्फीच्या शिलालेखावरून गल्लियो तिथे इ.स. ५१–५२ च्या सुमारास होता हे कळतं, पौलाच्या सगळ्या तारखा त्या एका खुंटीवर टांगलेल्या आहेत. पिलाताचं नाव कोरलेला दगड कैसरियात १९६१ मध्ये निघाला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती लोकांचा तिटकारा असलेला, तोसुद्धा लिहितो की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या काळात पिलाताने मारलं. म्हणजे माणसं, गावं, काळ खरा आहे.

यातून पुनरुत्थान सिद्ध होतं का? नाही. इथे आमचे लोक फार घाई करतात. पिलात होता, म्हणून कबर रिकामी होती, असं होत नाही. इतिहास एवढं म्हणू शकतो की इ.स. ५४ च्या आसपास पौल करिंथकरांना लिहितो, मला जे मिळालं तेच तुम्हाला दिलं, ख्रिस्त मेला, पुरला, उठला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना, आणि पुढे म्हणतो पाचशेहून जास्त जणांना दिसला, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत. हाच पौल त्याआधी यरुशलेमला जाऊन केफाकडे १५ दिवस राहिला होता, येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला होता. म्हणजे ही गोष्ट शंभर वर्षांनी रचलेली दंतकथा नाही, सुरुवातीपासून तेच सांगत होते. त्यांनी खरंच पाहिलं का, यावर इतिहासकार थांबतो आणि थांबायलाच पाहिजे.

त्रासाचं विचारलंत. शिरगणतीची तारीख चुकली तर मला झोप लागते. पुनरुत्थान झालंच नसेल तर मात्र सगळं कोसळतं, आणि हे मी नाही, पौलच म्हणतो त्याच पत्रात, ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा पोकळ, तुमचा विश्वासही पोकळ. कॅथलिक चर्चनेही १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलंय की शास्त्र जे सत्य चुकीशिवाय शिकवतं ते तारणासाठी देवाने लिहवून घेतलेलं सत्य, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी हाती आलेल्यातून निवडलं, आटोपतं केलं, मांडणी केली. त्यामुळे चार शुभवर्तमानांतला प्रत्येक तपशील जुळवत बसायचं ओझं मी घेत नाही.

प्रश्न : माझी मैत्रीण प्रोटेस्टंट आहे, तिच्या बायबलात तोबीत, मक्काबी नाहीत. कोणी काढले?
– कॉलेजची विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : अगं, ती ७ पुस्तकं जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात होती, यहुदी लोकांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये ठेवली, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये ती शास्त्रच आहेत असं ठरवलं, म्हणून आपली ७३ आणि तिची ६६. नव्या करारात काहीही फरक नाही, दोघींची २७ तीच. एकत्र वाचायचं असेल तर मार्कपासून सुरू करा, १६ च अध्याय आहेत, अंधेरी–चर्चगेट स्लो लोकलने जाऊन-येऊन आरामात होतं, बसायला मिळालं तर.