ब्रिटनमध्ये डॉक्टरचं रिव्हॅलिडेशन (लायसन्स चालू ठेवण्यासाठीची तपासणी) 'डिफर' झालं म्हणजे लायसन्स गेलं का?

नाही हो, लायसन्स शाबूत असतं आणि प्रॅक्टिसही चालू राहते. निर्णय फक्त पुढे ढकललेला असतो.

2012 च्या डिसेंबरपासून तिथल्या डॉक्टरांना साधारण दर 5 वर्षांनी रिव्हॅलिडेशन करावं लागतं. रिस्पॉन्सिबल ऑफिसर (ही जबाबदारी असलेला वरिष्ठ डॉक्टर) शिफारस करतो, निर्णय जनरल मेडिकल काउन्सिल (डॉक्टरांना लायसन्स देणारी संस्था) घेते. कागद अपुरे असतील तर ऑफिसर 'डिफरल', म्हणजे मुदतवाढ, मागतो. कारणं बहुतेक वेळा साधीच: बाळंतपणाची रजा, आजारपण, नाहीतर नोकरी बदलताना राहून गेलेलं एखादं अप्रेझल (कामाचा वार्षिक आढावा). सगळ्यात जास्त घोळ पेशंट फीडबॅकचा. फॉर्म पेशंटच्या हातात पडायला हवेत, भरून परत यायला हवेत, आणि हे शेवटच्या महिन्यात आठवलं की झालंच! स्थानिक चौकशी चालू असेल तरीही डिफरल मिळतं. त्याला ठपका समजू नये. काउन्सिलच्या लेखी डिफरल ही तटस्थ बाब आहे.

घाबरायचं ते 'नॉन-एंगेजमेंट'ला. अप्रेझल टाळत राहिलात, मेलना उत्तरं दिली नाहीत, तर तशी शिफारस जाते आणि मग लायसन्स खरंच जाऊ शकतं. म्हणून नवी तारीख मिळाली की आधी अप्रेझरशी बोला आणि नेमकं काय कमी पडलंय ते लेखी घ्या.