गॅस संपत नसतो, गळतो
वाचकांचे प्रश्न : एसी आणि हीटिंग

प्रश्न : आमच्या स्प्लिट एसीत सलग तीन वर्षं गॅस भरावा लागला. मेकॅनिक सांगतात, वापर जास्त असला की गॅस संपतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर नाही. एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तोच फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळला. गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाणार.

सर्वात आधी इनडोअर आणि आउटडोअर युनिटला जोडलेले फ्लेअर नट बघा, म्हणजे तांब्याच्या नळीचं पसरवलेलं टोक (फ्लेअर) घट्ट धरून ठेवणारे नट. नटाभोवती तेलकट डाग असेल, त्यावर धूळ चिकटलेली असेल, तर गळती बहुधा तिथेच आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही बाहेर येतं. सांध्यावर साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. तिथे सापडली नाही तर गॅस काढून घेऊन रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन भरावा आणि दाब टिकतो का ते पाहावं. तो दाब युनिटच्या पाटीवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या वर नेऊ नये. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून वापरू देऊ नका. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

नट नुसता आवळून काम होतंच असं नाही. फ्लेअर चिरलेला असेल तर नळीचं टोक कापून, आतली कोर साफ करून नवा फ्लेअर काढावा लागतो. मग व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली यायचं, पंप बंद करायचा आणि काटा बघत बसायचं. आकडा थोडा वर जाऊन थांबला तर आत ओलावा आहे. चढतच राहिला तर गळती अजून आहे. ही पायरी टाळून थोडा गॅस सोडून आतली हवा ‘उडवून’ देण्याची पद्धत फार नुकसान करते. ओलावा आत राहतो, तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरचं वाइंडिंग (मोटरच्या तारांची गुंडाळी) खातं. शेवटी गॅस पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका, वजनकाट्यावर मोजून भरावा. काही एसींत असणारा आर-४१०ए गॅस हे दोन वायूंचं मिश्रण असल्यामुळे ते द्रवरूपातच सोडावं लागतं, नाहीतर प्रमाण बिघडतं.

प्रश्न : आउटडोअर युनिट गुणगुणतं, पाच-दहा सेकंदांनी टक्‌ असा आवाज होऊन थांबतं. कॉम्प्रेसर बदलावा लागेल असं सांगितलंय.

उत्तर : इतक्यात नाही. बिनइन्व्हर्टर एसीत हे लक्षण बहुतेक वेळा कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून मोटर सुरू करायला मदत करणाऱ्या भागाचं असतं. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर मिळत नाही, तो जास्त करंट ओढतो आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट झाला की वीज तोडणारा संरक्षक स्विच, त्याला बंद करतो. टक्‌ आवाज त्याचाच.

मुख्य स्विच बंद करून कपॅसिटर आधी रिकामा करावा लागतो. त्यासाठी दोन टोकांवर काही सेकंद २० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर धरतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडणं चूक आहे. विजेच्या कामाची सवय नसेल तर यात स्वतः हात घालू नका. नंतर मीटरवर मोजायचं. ३५ मायक्रोफॅरड ±५% असं लिहिलं असेल तर वाचन ३३.२५ ते ३६.७५ च्या दरम्यान हवं. वरचं टोक फुगलं असेल तर न मोजताही तो गेलेला समजा. नव्याचे मायक्रोफॅरड तेवढेच घ्या. व्होल्टेज तेवढं किंवा जास्त चालेल, कमी नको. हे करूनही कॉम्प्रेसर उठला नाही तरच वाइंडिंग तपासायला लावा.

प्रश्न : इनडोअर युनिटमधून पाणी ठिबकतं.

उत्तर : बहुधा ड्रेन तुंबलाय. ट्रेमधली शेवाळ काढा, पाइपला उतार आहे का आणि त्याचं टोक पाण्यात बुडलेलं नाही ना, ते बघा. कॉइलवर बर्फ दिसत असेल तर गोष्ट वेगळी. एसी फक्त पंख्यावर चालवून बर्फ वितळू द्या आणि फिल्टर धुवा. तरीही बर्फ धरला तर पहिलं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : जुना आर-२२ गॅसचा एसी काढून आर-३२ गॅसचा घेतोय. भिंतीतली जुनी तांब्याची नळी ठेवता येईल का? आणि टन वाढवून घ्यावा का?

उत्तर : नळी शक्यतो नवी टाका. साधारण ५ अंशांच्या कॉइलवर आर-२२ चा दाब ७० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतो, आर-३२ चा १२० च्या वर. शिवाय जुन्या नळीत खनिज तेल चिकटलेलं असतं, ते नव्या कॉम्प्रेसरच्या तेलात नीट मिसळत नाही. भिंत फोडणं शक्यच नसेल, तर नळीची जाडी नव्या युनिटच्या माहितीपत्रकाशी ताडून, ती आतून धुऊन, जुने फ्लेअर कापून, नव्या युनिटबरोबर आलेले नट वापरा. जुना कॉम्प्रेसर जळाला असेल तर मात्र ती नळी ठेवूच नका. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून उघडी ज्योत जवळ असताना काम करू देऊ नका.

टन उगीच वाढवू नका. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे ३.५ किलोवॉट. खोलीच्या गरजेपेक्षा मोठा एसी हवा चटकन गार करून बंद पडतो. तेवढ्यात दमटपणा निघत नाही, खोली गार तरीही चिकट वाटते.

प्रश्न : हिवाळ्यात हीट मोडवर चालू असताना एसी मध्येच थांबतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते. काही जळतंय का?

उत्तर : नाही, ते डिफ्रॉस्ट आहे. गरम करताना बाहेरची कॉइल इतकी गार होते की हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं. ते वितळवायला फोर-वे व्हॉल्व्ह काही मिनिटं गॅसची दिशा उलटवतो आणि थंड हवा येऊ नये म्हणून आतला पंखा थांबतो. हे अधूनमधून झालं तर काळजी नको. पण बर्फाचा थर वितळतच नसेल, तर कॉइलवरचा सेन्सर, गॅसची पातळी आणि युनिटच्या तळाची पाणी जायची भोकं, तिन्ही तपासून घ्या. सुऱ्याने किंवा पेचकसाने तो बर्फ खरवडू नका. कॉइल फुटली तर सगळा गॅस जाईल.