मलेशिया आणि इंडोनेशिया : लाकडाच्या निर्यातीचा आलेख कसा वाचावा?

प्रश्न : मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी निर्यात केलेल्या रुंदपर्णी वृक्षांच्या चिरीव लाकडाचे १९८० पासूनचे मूल्य मी डॉलरमध्ये एकाच आलेखावर मांडले. इंडोनेशियाची रेषा १९९० च्या सुमारास एकदम खाली येते, मलेशियाची मात्र वरच राहते. त्या काळात इंडोनेशियातील वृक्षतोड कमी झाली, असा निष्कर्ष यावरून काढता येईल का?

उत्तर : तसा निष्कर्ष काढता येणार नाही. आपला आलेख लाकडाच्या केवळ एका रूपाचा आहे, आणि या दोन्ही देशांनी नेमके कोणत्या रूपातील लाकूड देशाबाहेर जाऊ द्यायचे, यावरच आपले धोरण वारंवार बदलले. इंडोनेशियाने १९८५ पर्यंत ओंडक्यांची निर्यात पूर्णपणे थांबवली आणि पुढे १९८९ च्या सुमारास चिरीव लाकडावरील निर्यातकर मोठ्या प्रमाणात वाढवला, तो देशातील प्लायवूडच्या कारखान्यांना कच्चा माल स्वस्तात मिळत राहावा म्हणून. परिणामी झाडे तुटतच राहिली. फरक एवढाच की लाकूड फळ्यांऐवजी प्लायवूड होऊन बाहेर पडू लागले आणि इंडोनेशिया जगातील सर्वांत मोठा प्लायवूड निर्यातदार बनला.

मलेशियाच्या बाबतीत तर संपूर्ण देशाची एकच रेषा काढणेही फसवे आहे, कारण तेथे जंगलांचा कारभार राज्यांकडे आहे. द्वीपकल्पीय मलेशियात ओंडक्यांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी आली, बोर्निओ बेटावरील साबा राज्याने १९९३ मध्ये काही वर्षांपुरती आणि पुन्हा २०१८ मध्ये बंदी घातली, तर त्याच बेटावरील सारावाक राज्यातून मात्र मर्यादा घालूनही ओंडके जातच राहिले. शक्य असेल तेथे या तिन्ही प्रदेशांचे आकडे वेगळे मांडावेत.

डॉलरमधील मूल्यापेक्षा घनमीटरमधील आकारमान घ्यावे, कारण मूल्यात भाववाढ आणि चलनाचे चढउतार मिसळलेले असतात. अमेरिकी नोंदी बोर्ड फुटांत असल्यास एक घनमीटर म्हणजे सुमारे ४२४ बोर्ड फूट हे प्रमाण वापरावे. मात्र ओंडके, चिरीव लाकूड आणि प्लायवूड यांचे घनमीटर सरळ एकत्र मिळवू नयेत. ओंडका चिरताना बराच भाग भुसा आणि तुकडे होऊन जातो, म्हणून तिन्ही आकडे आधी ओंडक्यांच्या प्रमाणात, म्हणजे तेवढ्या मालासाठी किती घनमीटर ओंडके लागले असतील त्यात, बदलून घ्यावेत. आपला प्रश्न वृक्षतोडीचा असल्याने ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा गाळली जाते.

याशिवाय निर्यातदाराचा आकडा आयातदाराच्या आकड्याशी ताडून पाहणे आवश्यक आहे. आयातीच्या मूल्यात वाहतूक आणि विमा धरलेला असल्याने तेथे थोडा फरक स्वाभाविक असतो, परंतु आकारमानात मोठी तफावत दिसली तर थांबून विचार करावा. इंडोनेशियातील १९९८ च्या राजकीय उलथापालथीनंतर अशीच तफावत दिसली : तेथून आल्याची नोंद चीन आणि मलेशिया यांनी ज्या प्रमाणात केली, त्याच्या तुलनेत इंडोनेशियाच्या स्वतःच्या नोंदीतील ओंडके फारच थोडे होते. हे चोरट्या तोडीचे लाकूड होते. मधल्या काळात उठवलेली ओंडक्यांच्या निर्यातीवरील बंदी इंडोनेशियाने २००१ मध्ये पुन्हा घातली आणि मलेशियाने २००२ मध्ये इंडोनेशियन ओंडक्यांची आयात बंद केली, म्हणून त्या काळातील मलेशियाच्या निर्यातीचा काही भाग मुळात शेजारच्या जंगलातला असू शकतो, हे आपल्या आलेखाखाली अवश्य नोंदवावे.