आकड्यांची वही आणि घरची माणसे

गरोदरपणातील मधुमेहाचे निदान बहुधा २४ ते २८ आठवड्यांच्या तपासणीत होते आणि ते कळताच परदेशातल्या लेकीला किंवा सुनेला मायदेशाहून फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘गोड फार खाल्लेस का गं?’ आई आणि सासूबाईंना माझी कळकळीची विनंती आहे की, हे विचारू नका. वारेतून (प्लॅसेंटातून) स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि ती वाढलेली गरज स्वादुपिंडाला पुरी करता आली नाही की साखर वाढते. तिच्या हातून काही चुकले म्हणून हे झालेले नाही.

आकड्यांचाही घोटाळा होतो. भारतात रक्तातील साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात मिलिमोलमध्ये. तिकडचा आकडा १८ ने गुणला की इकडचा मिळतो. उपाशीपोटी ९५ (म्हणजे ५.३) आणि जेवणानंतर एका तासाने १४० (म्हणजे ७.८) यांच्या आत साखर असावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, मात्र तिच्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

बोट टोचण्यापूर्वी तिने साबणाने हात धुऊन कोरडे करावेत, कारण फळ चिरलेल्या हाताने तपासले तर आकडा फसवा वाढतो. टोचायचे ते बोटाच्या कडेला. मधोमध जास्त दुखते. आकडा वहीत पतीने लिहावा, पण लिहिताना कपाळाला आठी घालू नये. ती आठी तिला दिसते आणि मग ती भीतीपोटी जेवणच टाळू लागते. उपाशी राहणे हे पथ्य नव्हे. पिष्टमय पदार्थ दिवसभरात थोडे थोडे, प्रथिनांच्या जोडीने खावेत आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. तेच जेवण सगळ्या घराने जेवले आणि चालायला कोणी सोबत गेले, तर पथ्याचा अर्धा भार हलका होतो.

एवढे करूनही इन्सुलिन लागलेच, तर ती हार समजू नये. इन्सुलिन घेणारीला थरथर सुटली, घाम फुटला आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर लगेच १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची पूर्ववत होते, तरी ६ ते १२ आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी लागतेच, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका उरतो. जागरणांच्या त्या दिवसांत ही तारीख हमखास निसटते, म्हणून ती लक्षात ठेवण्याचे काम पतीने आताच आपल्याकडे घ्यावे.