इटलीत मार्के भागात शेतावरचं घर घेऊन आठवडाभर राहण्यात अर्थ आहे का?

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करून झालंय, आता आई-बाबांना घेऊन मार्केत शेतावरचं घर घ्यायचं म्हणताय, पण आठवडाभर एकाच जागी कंटाळा येईल का आणि शाकाहारी माणसांच्या जेवणाचं काय, असं विचारलंय तुम्ही. मी नोकरीमुळे बोलोन्यात राहते आणि सुट्टी मिळाली की गाडी काढून मार्केतच जाते, त्यामुळे अगदी खात्रीने सांगते, जा. कंटाळा येणार नाही, फक्त घर कुठे घेताय ते नीट बघून ठरवा.

कारण सांगते. पश्चिमेला अपेनाइन डोंगर, पूर्वेला एड्रियाटिक समुद्र, आणि मधे मेताउरो, एसिनो, पोतेन्झा, किएन्ती, त्रोन्तो या नद्या फणीच्या दातांसारख्या एकमेकींना समांतर डोंगरातून समुद्राकडे उतरतात. मोठे रस्तेही त्याच खोऱ्यांतून काढलेत. त्यामुळे डोंगर ते समुद्र तास-दीड तासात होतं, पण शेजारच्या खोऱ्यात जायचं म्हटलं की टेकडी चढा, वळणं घ्या, माथ्यावरचं गाव ओलांडा, परत उतरा, नकाशात वीस किलोमीटर दिसतं आणि पाऊण तास जातो. आई-बाबांना वळणांचा त्रास होत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. म्हणून घर मधोमध घ्या, येझी ते चिंगोली या पट्ट्यात, आणि रोज एकच दिशा धरा.

घर शोधताना अ‍ॅग्रीतुरिस्मो, म्हणजे शेतकरी पाहुण्यांना देतात ती शेतावरची घरं, शोधा. इटलीच्या कायद्याप्रमाणे तिथे शेती हाच मुख्य धंदा असावा लागतो, पाहुणे हा जोडधंदा, त्यामुळे घराच्या मागे खरोखर द्राक्षं, ऑलिव्ह, गहू असतात आणि मालकीणबाई सकाळी टोमॅटोची टोपली दारात ठेवून जातात. येझीच्या आसपास वेर्दीक्यो नावाच्या पांढऱ्या वाइनचे मळे आहेत, सप्टेंबरात गेलात तर द्राक्षतोडणी बघायला मिळेल. शेवटचा एखाद किलोमीटर बहुतेक वेळा कच्चा पांढरा रस्ता असतो, तेव्हा पहिल्या दिवशी उजेडातच पोचा. गाडीशिवाय इथे काही जमणार नाही. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओचं इंटरनॅशनल परमिट हवंच, आणि जुन्या गावांच्या वेशीवर झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा, कॅमेरे असतात, दंड घरपोच येतो.

आता बघायचं काय. उर्बिनो चुकवू नका, चित्रकार राफाएल तिथला, 1483 चा जन्म, पण मी तुम्हाला पाठवीन ती ड्यूक फेदेरिकोच्या राजवाड्यातल्या छोट्याशा अभ्यासिकेत. भिंतींचा खालचा भाग नुसता लाकडाचा, वेगवेगळ्या रंगांचे लाकडाचे तुकडे जोडून त्यावर अर्धवट उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं, पिंजरा, फळांच्या टोपलीशेजारी बसलेली खार असं सगळं काढलंय, दोन पावलं मागे सरकलं की वाटतं कपाटाचं दार हाताने लोटता येईल. सकाळी लवकर गेलात तर खोलीत तुम्हीच असाल, फ्लॉरेन्समध्ये असं कुठे मिळतं सांगा.

फ्रासास्सीच्या गुहा 1971 मध्ये सापडल्या, पहिलंच दालन एवढं मोठं आहे की मिलानचं कॅथेड्रल आत मावेल म्हणतात. आत बाराही महिने 14 अंश असतं, भर उन्हाळ्यातसुद्धा आई-बाबांना स्वेटर द्या, आणि आत पायऱ्या आहेत हे त्यांना आधी सांगा. तिथून जवळच फाब्रियानो, तेराव्या शतकापासून कागदाचं गाव. म्युझियममध्ये कारागीर लगद्याच्या टाकीत चौकट बुडवतो, वर काढून हलकेच हलवतो, पाणी निथळतं आणि ओला कागद लोकरी कापडावर उलटा होतो. वाळलेला कागद उजेडासमोर धरला की आतला वॉटरमार्क दिसतो.

समुद्रासाठी कोनेरोचा डोंगर, सिरोलो किंवा पोर्तोनोवो, खाली पांढरे गोटे आणि स्वच्छ पाणी. बाकीचा किनारा सपाट वाळू आणि छत्र्यांच्या रांगा, मला तो खास वाटत नाही. अस्कोली पिचेनो हे शहर सुंदर आहे पण तुमच्या घरापासून लांब पडेल, पूर्ण दिवस असेल तरच.

सिबिल्लिनीच्या डोंगराकडे मात्र एक दिवस ठेवाच. 2016 च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरमधल्या भूकंपांनी विस्सो, कामेरिनो, आर्क्वाता ही गावं उद्ध्वस्त केली, कितीतरी दुकानदारांनी नंतर तात्पुरत्या शेडमध्ये धंदा परत उभा केला. चीज, मसूर, मध जे घ्यायचं ते सुपरमार्केटमधून न घेता तिथूनच घ्या, त्या लोकांना गिऱ्हाईक हवंय.

जेवणाचं. अस्कोलीची तळलेली ऑलिव्ह बघून भजी वाटतील पण आत गाईच्या आणि डुकराच्या मांसाचा खिमा असतो. विन्चिसग्रास्सी म्हणजे मांसाचंच लझान्या. उर्बिनोकडची क्रेशा ही पापुद्र्यांची पोळी दिसते निर्धोक, पण पिठात बहुधा डुकराची चरबी असते, त्याला स्त्रुत्तो म्हणतात, एवढा शब्द पाठ करा आणि ऑर्डर देण्याआधी विचारा. चांगली बातमी म्हणजे इथे चिचेर्क्या मिळते, आपल्या विदर्भातली लाखोळी तीच, सेर्रा दे कोन्ती गावची प्रसिद्ध आहे, तिचं सूप मांसाशिवाय करून मागा. काशोत्ता चीज, ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी, चॉकलेट नव्हे) घातलेला पास्ता आहेच, आणि घरात किचन असल्यामुळे कुकर आणि गोडा मसाला नेलात तर संध्याकाळची काळजी मिटली. दुपारी एक ते चार गावातली दुकानं बंद असतात, सामान सकाळीच आणा.

जुलै-ऑगस्टमध्ये बरीच घरं फक्त शनिवार ते शनिवार मिळतात आणि 15 ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर असते, तेव्हा जमल्यास जून किंवा सप्टेंबर बघा. कोणता महिना नक्की होतोय ते खाली कळवा, म्हणजे रोज कुठल्या बाजूला जायचं ते लिहून देते.