आजोबांची जमीन पेडण्यात आहे. मुंबईत बसून तिचा एक-चौदा (गोव्यातला सातबारासारखा उतारा) ऑनलाइन मिळेल का?

मिळेल. उतारा बघायला पेडण्याला खेप मारायची गरज नाही. गोव्याच्या भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर निवडला की एक-चौदा समोर येतो.

घोडं अडतं ते नंबरापाशी. पोर्तुगीज काळातल्या दस्तात तो नसतो, कारण आताचा सर्व्हे मुक्तीनंतरचा. त्यात मात्रिझ नंबर, म्हणजे जुन्या करनोंदीचा नंबर असतो आणि तो इथे चालत नाही. घरात जुना एक-चौदा किंवा अलीकडचं खरेदीखत सापडतंय का बघा. नाहीच, तर शेजारच्या जमिनीचा नंबर विचारा आणि सर्व्हे नकाशावरून आपला ओळखा. गावांची यादी इंग्रजीत आहे: पेडणे ‘पर्नेम’ आणि मोरजी ‘मोरजिम’ म्हणून शोधा. हिस्सा नंबरही अक्षरासकट तपासा. १ आणि १-ए हे वेगळे तुकडे. (जमीन म्हापशासारख्या शहरात असती तर शहरी सर्व्हेतला चलता नंबर (भूखंडाचा) आणि पी. टी. शीट नंबर (नकाशाचा) लागला असता.)

क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं तीन भागांत छापतात. ००००.२७.७५ म्हणजे २,७७५ चौरस मीटर; पावणेअठ्ठावीस नव्हे.

मग कब्जेदाराचा रकाना बघा. तिथे अजून आजोबाच असतील तर संगणक काही करू शकत नाही, तो नोंदवहीत आहे तेच दाखवतो. आधी उपनिबंधकाकडे वारसाखत करायचं, मग ते जोडून मामलेदाराकडे फेरफाराचा अर्ज. वाटणीचा वाद असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी. महाराष्ट्रातून येणारे हमखास चुकतात ते आजीच्या बाबतीत. आजोबांना गोव्याचा नागरी कायदा लागू असेल आणि लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल, तर साधारणपणे अर्धी मालमत्ता तिची असते. त्यामुळे ती हयात नसेल तर तिचा मृत्यूदाखलाही काढून ठेवा.

विकायचा विचार असेल तर आणखी दोन जागा नजरेखालून घाला. कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का, आणि ‘इतर हक्क’मध्ये मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आहे का. असेल तर तो हक्क कायद्याने आलेला आहे, तोंडी समजुतीने जात नाही. क्षेत्र भातशेतीचं असेल तर २०२३च्या कायद्यामुळे बिगरशेतकरी गिऱ्हाईक सहसा चालणार नाही, म्हणून बयाणा घेण्याआधी हे बघा.