गॅरेज की आयटीआय? आधी वकील!

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, अकरावी सायन्सला. महिन्यापूर्वी दोन मित्रांबरोबर मोबाइल हिसकावल्याच्या केसमध्ये सापडला. बाल न्याय मंडळाने जामीन दिला. मी रिक्षा चालवतो, वकिलाची फी परवडत नाही. मेहुणे म्हणतात, तारखेला कबूल करून टाकू दे, लहान आहे, सोडतील. पोलीस भरतीचं त्याचं स्वप्न तर संपलंच. कॉलेजातून नाव काढून गॅरेजला लावू की आयटीआयला? महिनाभर मी त्याच्याशी बोललेलो नाही.
- एक वडील

उत्तर : नाव-गाव मुद्दाम छापलेलं नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हीही हे पथ्य पाळा.

दादा, मुलाचं पुढे काय करायचं ते तुम्ही जवळपास ठरवून टाकलंय, पण त्या दिवशी काय घडलं, तो स्वतः काय म्हणतो, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. कसं असेल? तुम्ही विचारलेलंच नाही. मला त्या केसपेक्षा तुमच्या अबोल्याची धास्ती वाटते. आज रात्री रिक्षा लावली की त्याच्या शेजारी बसा. मध्ये न बोलता ऐका. फोन कुणी ओढला, हा कुठे उभा होता, वकीलही हेच विचारणार आहे.

आता मेहुण्यांचा सल्ला. ‘कबूल केलं की मिटतं’ हा गैरसमज फार मुलांना भोवतो. मंडळाचं वातावरण कोर्टासारखं करडं नसतं, म्हणून लोकांना वाटतं तिथे वकिलाची गरज नाही. पण कलम कुठलं लागलंय त्यावर बरंच ठरतं. नुसतं हिसकावलं असेल तर तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा. बाल न्याय कायद्यात तो किरकोळ गुन्ह्यांत मोडतो, आणि अशी चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर प्रकरणच बंद होतं. त्याच घटनेला ‘जबरी चोरी’, म्हणजे मारहाण करून किंवा धाक दाखवून केलेली चोरी, म्हटलं की गुन्हा गंभीर ठरतो आणि ही मुदतीची सवलत जाते. हा फरक मंडळापुढे कोण मांडणार? मेहुणे?

फीची चिंता सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा आहे. त्याच्या 12व्या कलमानुसार बालकाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे दाखल्यासाठी तहसीलला खेटे नकोत. खरं तर ही व्यवस्था पहिल्याच तारखेला व्हायला हवी होती, आणि ती झाली की नाही हे पाहणं मंडळाचं काम आहे. बिहारमधल्या भागलपूरच्या, पोलिसांनी आंधळ्या केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1981मध्येच सांगितलं होतं की, आरोपीला पहिल्यांदा हजर करतात तेव्हापासूनच हा हक्क सुरू होतो. ते तर मोठ्या माणसांबद्दल होतं. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस शोधा आणि साधा अर्ज द्या. 15100 वर फोनही करता येतो. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर तिथेच तक्रार करा.

कॉलेजातून नाव मात्र अजिबात काढू नका. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मंडळासाठी मुलाची सामाजिक पाहणी करतात, त्यात तो शिकतोय की नाही हे बघितलं जातं. आणि भरतीचं म्हणाल, तर शिपाई पदाच्या अर्जाला बारावी लागते. म्हणजे ते स्वप्न केसपेक्षा तुमचं गॅरेजच आधी संपवेल. तुमच्या मुलासारख्या प्रकरणात, गुन्हा शाबीत झाला तरी, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही, असं बाल न्याय कायद्याचं 24वं कलम सांगतं. उद्या चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला तर लपवाछपवी नको, वकिलाला विचारून भरा. आयटीआयचा रस्ता बारावीनंतरही मोकळाच असतो.

पुढची तारीख कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती कधीही असो, उद्या सकाळच्या भाड्यावर पाणी सोडा आणि मुलाला घेऊन प्राधिकरणाच्या ऑफिसात जा.